उलटी छापलेली काच

कापड ओढलं गेलं आणि गुरुजी म्हणाले, "हे तर अपसव्य आहे."

वकीलसाहेबांची साठीशांत होती. होम नुकताच उरकला होता, दिवाणखान्यात अजून धूर होता. भिंतीवर वकीलसाहेबांचा मोठा रंगीत फोटो लावला होता आणि त्यावरचं रेशमी कापड थोरल्या जावयानं ओढलं होतं. फोटोत वकीलसाहेब पाटावर बसलेले, पीतांबर नेसलेले, अंग उघडं. जानवं उजव्या खांद्यावर.

जानवं डाव्या खांद्यावर असतं. उजव्या खांद्यावर घेतात ते पितरांना पाणी देताना, श्राद्धाला. म्हणजे ज्या माणसाला शंभर वर्षं आयुष्य मिळावं म्हणून पहाटेपासून मंत्र चालले होते, तो भिंतीवर श्राद्धाला बसला होता.

वकीलीणबाईंच्या हातात ओवाळायचं ताट होतं. ते त्यांनी खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "काढा तो. आधी काढा खाली."

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"मास्तर कुठंय? बुलवा त्याला."

"सिंध्याच्या हातात काम दिलं की असंच होणार."

"त्यांच्यात कुठं जानवं असतं? त्याला काय मालूम, इकडचा खांदा की तिकडचा."

मास्तर म्हणजे माझे यजमान. गाव मास्तर म्हणायचं म्हणून मीही मास्तरच म्हणायची. ते घरी टायफॉइडनं पडले होते. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात त्यांचं नाव होतं. पण तो फोटो मी छापला होता, रंग मी भरला होता, आणि जानवं उठून दिसावं म्हणून त्यावर बारीक कुंचल्यानं पांढरी रेघही मीच ओढली होती. हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी माजघराच्या दारात बायकांच्या मागे उभी होते. गप्प राहिले असते तर कुणी माझ्याकडे बघितलंही नसतं.

गप्प राहिले नाही, कारण येत्या सोमवारी शाळेच्या मंडळाची बैठक होती. वकीलसाहेब त्या मंडळाचे अध्यक्ष होते. मास्तर दोन वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होते, पण कच्चे. पक्कं करायचं तर परीक्षांचे कागद हवेत आणि कागद कराचीत राहिले होते. दुसरा एक उमेदवार होता, खंडव्याचा, सगळे कागद असलेला. वकीलसाहेब मास्तरांना म्हणाले होते, "कागद नाहीत तर हात दाखवा. माझा फोटो करा, वडिलांच्या तैलचित्राशेजारी शोभेल असा. मग बघू." म्हणजे भिंतीवर होता तो फोटो नव्हता, आमची नोकरी होती.

नोकरी गेली असती तर आम्हाला कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीत परत जावं लागलं असतं. तिथे दीर अजून बराकीत राहत होते. मी त्या बराकीत आठ महिने काढले होते. गोणपाटाच्या पडद्यापलीकडे कोण खोकतंय, कोण भांडतंय, सगळं ऐकत. मी परत जाणार नव्हते.

म्हणून मी दारातून म्हटलं, "मास्तरांनी नाही छापला. मी छापला."

वकीलसाहेब म्हणाले, "कोण बोललं?"

"मी. मास्तरांची बायको."

माझ्या शेजारी पोळ्यांना आलेली बाई उभी होती. तिनं माझा पदर खेचला. "कायले पुढे होतीस व माय?" ती कुजबुजली. मी पुढे झाले.

गुरुजींनी मला विचारलं, "बाई, छापताना जानवं खांदा बदलतं का?"

"बदलतं. ज्या काचेवरून फोटो छापतात ती उलटी लागली तर सगळंच बदलतं. साहेबांच्या डाव्या गालावर चामखीळ आहे. फोटोत ती उजव्या गालावर गेलीय. बघा."

सगळ्यांनी वकीलसाहेबांकडे बघितलं, मग फोटोकडे, मग परत त्यांच्याकडे. सकाळपासून त्यांना हार घालणाऱ्यांपैकी एकानंही त्यांचं तोंड नीट बघितलं नव्हतं. जावयाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं.

वकीलसाहेबांनी आपल्या गालाला हात लावला. "मी तर काल हा फोटो बघितला. मला बरोबर वाटला."

ते खरं होतं. आदल्या दिवशी फोटो पोचवला तेव्हा त्यांनी तो व्हरांड्यात उजेडाला धरून बघितला होता आणि म्हणाले होते, "वा, अगदी आरशातला मी." ते ऐकून मी खूश होऊन घरी गेले होते. त्यांच्या बोलण्यातच चूक सांगितलेली होती, पण मला तेव्हा ती कळली नाही.

मी म्हटलं, "काच बरोबर आहे. दिवेलागणीच्या आत सरळ छापून आणते."

"आणि नाही आणला तर?"

"तर सोमवारी तुम्हाला जे करायचं ते तुम्ही करालच."

कुणीतरी मागून म्हणालं, "जबान बघा बाईची." मी चपला घातल्या आणि निघाले. जेवायला थांबले नाही. तसंही कुणी थांबवलं नाही.

आम्ही सिंधी नव्हतो हे इथे सांगून टाकते. माझे सासरे कोकणातून कराचीला बंदरावर कामाला गेले आणि तिथलेच झाले. तिथे पुष्कळ मराठी माणसं होती. मराठी शाळा होती, तिच्यात मी चार यत्ता शिकले. मास्तर एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी फोटो काढायचे. फाळणी झाली तेव्हा आम्ही बोटीनं मुंबईला आलो. गादीच्या गुंडाळीत कॅमेरा घातला होता आणि गुंडाळी माझ्या डोक्यावर होती. धक्क्यावर एकानं विचारलं, भांडी कुठायत? मी म्हटलं, भांडी कुठंही मिळतात.

कराचीत आमच्या चाळीत एक सिंधी कापडवाले राहायचे. ते बुऱ्हाणपूरला येऊन स्थिरावले आणि त्यांनी कळवलं, इथे माग आहेत, पैसा फिरतो, फोटोवाला एकच आहे आणि तोही म्हातारा. म्हणून आम्ही इथे आलो. राजपुऱ्यात एक खोली घेतली, तिच्यामागे पत्र्याची पडवी होती. पडवीत अंधारी खोली केली. पण आम्ही कराचीहून आलेले आणि सिंध्यानं आणलेले, तेव्हा गावाच्या लेखी सिंधीच. मी मराठी बोलले की म्हणायचे, "अरे, सिंधीण मराठी अच्छी बोलते." माझं मराठी त्यांच्याहून स्वच्छ होतं. हे मी त्यांना सांगायचीही. त्यामुळे पहिल्या वर्षी माझ्याशी फार कुणी बोललं नाही.

छपाई मी कल्याणलाच शिकले. मास्तरांना शिकवायची हौस आणि तिथे दुसरं कुणी शिकायला नव्हतं. काचेच्या दोन बाजू असतात. एका बाजूला मसाला असतो, त्यात चित्र उमटतं. दुसरी नुसती काच. चौकटीत मसाल्याची बाजू कागदाला टेकवायची, मग फोटो सरळ येतो. लाल दिव्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून काचेच्या कोपऱ्याला ओला ओठ लावायचा. ओठ चिकटला तर मसाला, निसटला तर काच. मास्तर म्हणायचे, देवाचं नाव विसरलीस तरी चालेल, ओठ लावायला विसरू नको.

इथे आल्यावर ते शाळेत जायचे आणि छपाई माझ्याकडे आली. बाहेर सांगायचं नाही असं ठरलं होतं. लोक म्हणतील मास्तर बायकोच्या हाताचं खातात. मला ते पटत नव्हतं पण मी गप्प बसले, कारण लोक खरंच तसं म्हणाले असते.

वकीलसाहेबांचा फोटो मास्तरांनी स्वतः काढला, मोठ्या काचेवर. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. ताप चढत गेला आणि साठीशांत जवळ आली. मी छापायला बसले. ओठ लावला, बाजू बघितली, काच चौकटीत ठेवणार तेवढ्यात बाहेरून त्यांची हाक आली. त्यांना वांती झाली होती. ते सगळं निस्तरून, हात धुऊन मी परत आले आणि काच उचलून ठेवली. दुसऱ्यांदा ओठ लावला नाही. एवढंच झालं. फोटो जरासा मऊ आला, कडा बारीक उमटल्या नाहीत. ती खूण होती. काच मध्ये आली की तसंच होतं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला मऊच बरं. जानव्याचं म्हणाल तर आमच्यात जानवं नाही. आणि दिवसभर काचा हाताळणाऱ्या माणसाला उजवं-डावं राहत नाही, काळं-पांढरंसुद्धा राहत नाही.

त्या दुपारी घरी पोचले तेव्हा मास्तर जागे होते. मी सगळं सांगितलं.

"ओठ लावला होतास?"

"एकदा लावला. दुसऱ्यांदा नाही."

"तू बोललीस कशाला तिथे? चूक मी माझ्यावर घेतली असती."

"घेतली असतीत आणि खंडव्याचा माणूस नोकरीवर बसला असता."

"आता गावभर होईल, मास्तरची बायको छापते."

"होऊ दे. छापते तर छापते."

ते भिंतीकडे वळले. भिंतीकडेच बघत म्हणाले, "कागद किती आहेत त्या मापाचे?"

दोन होते. मुंबईहून मागवलेल्या पाकिटातले शेवटचे दोन. नवीन यायला आठ दिवस लागले असते.

आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. पडवीच्या पत्र्याला चौकोनी भोक होतं, त्यावर लाकडी झडप. चौकट भोकासमोर धरायची, झडप उघडायची, आकडे मोजायचे, झडप लावायची. बाहेर ऊन कसं आहे त्यावर किती मोजायचं ते ठरतं. थंडीचे दिवस होते, ऊन कलायला लागलं होतं. मी काच घेतली, ओठ लावला. परत लावला. तिसऱ्यांदा लावला. चौकट बंद केली, झडप उघडली आणि तेरा मोजले.

कागद औषधाच्या पाण्यात टाकल्यावर वकीलसाहेब वर आले आणि येतच राहिले. काळे झाले, मग आणखी काळे. माझे तेरा फार सावकाश झाले होते. जीव घाबरला की काही लोक भराभर मोजतात. मी सावकाश मोजते, हे मला त्या दिवशी कळलं. तो कागद मी बादलीत टाकला.

बाहेरून मास्तर म्हणाले, "काय झालं?"

"काळा झाला."

"किती मोजलेस?"

"तेरा."

"थांब. मी मोजतो. तू झडप बघ."

त्यांना उठून बसता येत नव्हतं. पण शाळेत पोरांकडून रेघा मारून घेताना ते ज्या आवाजात मोजायचे, त्याच आवाजात त्यांनी खाटेवरून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आवाज बारीक होता पण ठोका पक्का होता. मी झडप उघडली. दहाला त्यांनी म्हटलं, "बंद." मी बंद केली.

फोटो आला. कडा चाकूनं कापल्यासारख्या. जानव्याचे पदर वेगळे दिसत होते, रेघ ओढायची गरज नव्हती. डाव्या खांद्यावर. मी तो ओला फोटो ताटात घालून त्यांच्या खाटेशी नेला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "हा मी काढलाय." मी म्हटलं, "आणि छापलाय कोणी?" ते हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

मग धुवायचं. गावाला भंडाऱ्याचं, म्हणजे जुन्या भुयारी कुंड्यांचं पाणी; प्यायला गोड, पण त्यात चुना आहे. वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. तापीचं पाणी आणायला वेळ नव्हता. म्हणून शेवटी एक तांब्या पाणी उकळून, निववून, कापडातून गाळून त्यानं धुतला आणि मास्तरांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यानं टिपला. दोन पाट्यांमध्ये घालून काखेत धरून निघाले तेव्हा रस्त्यावर माग चालू होते आणि ऊन भिंतींच्या वरच्या टोकाला गेलं होतं.

वकीलसाहेबांकडे पाहुणे कमी झाले होते. गुरुजी दक्षिणा घेऊन बसले होते. वकीलीणबाईंनी दिवा लावला होता. मी पाटी उघडून फोटो गुरुजींपुढे धरला. त्यांनी बोट फिरवून खांदा बघितला.

"सव्य. ठीक आहे."

वकीलसाहेबांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचं तोंड उतरलं. "हा बरोबर नाही वाटत. हा मी नाही. काहीतरी वाकडं आहे. पहिला माझ्यासारखा होता."

मी काही बोलायच्या आत वकीलीणबाई उठल्या. कुणापुढे फार बोलणारी बाई नव्हती ती. त्यांनी फोटो यजमानांच्या हातातून घेतला, दिव्याजवळ नेला.

"तुम्ही स्वतःला आरशात बघता," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं तुमच्याकडे बघते ती मी. हेच तुम्ही."

वकीलसाहेबांनी दिव्याजवळ वाकून फोटो परत बघितला. 

मग म्हणाले, "याला रंग नाही."

"रंगाला दोन दिवस लागतात. अंगाचा मी भरीन. तोंडाचा मास्तर भरतील, बरे झाले की. ते माझ्याहून चांगला भरतात."

"आणि तो पहिला?"

"तापीत सोडा," वकीलीणबाई म्हणाल्या. भंगलेला देव सोडतात तसा.

"कागद सोडा," मी म्हटलं. "त्यावरची काच आणि लाकडी चौकट मला परत द्या."

जावई या वेळी उघडच हसला. वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, नोकरी मास्तरांना द्यायची की तुम्हाला?"

"माझ्या चारच यत्ता झाल्यात. त्यांना द्या. फोटोचं मी बघते."

"ते सोमवारी सहीपुरते उभे राहतील का?"

"उभे करते."

सोमवारी मी त्यांना कोट घातला, मफलर गुंडाळला आणि टांग्यात बसवून नेलं. कोट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. त्यांनी सही केली, सहीखाली रेघ मारली आणि ती रेघ सरळ होती. मग चौदा दिवस परत झोपून राहिले.

ते निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवत होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज दुकानांच्या पाट्या रंगवतात, नक्षी काढतात, एकजण इंदूरला शिल्पं करतो. रस्त्यात भेटली की ती अजून मला वाकून नमस्कार करतात. मी करू देते. पोरांच्या पेन्सिली तासून मास्तरांच्या पेटीत मी भरायची.

गावभर व्हायचं ते झालं. पण मास्तरांना वाटलं होतं तसं नाही. वकीलीणबाई महिन्याभरात आपल्या सुनेला आणि दोन लेकींना घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाईच छापते ना, मग बाईच काढेल." परक्या पुरुषापुढे डोक्यावरचा पदर मागे न सारणाऱ्या बायका होत्या त्या. मी कॅमेरा हातात घेतला. त्यानंतर राजपुऱ्यातल्या, मग जैनाबादेतल्या, मग जसोंडीकडच्या शेतकऱ्यांच्या बायका बैलगाडीतून यायला लागल्या. लग्न ठरवायचा फोटो, पहिल्या मुलाचा फोटो, माहेरी पाठवायचा फोटो. पुष्कळजणींनी आपलं तोंड सरळ असं पहिल्यांदा माझ्याकडेच बघितलं. त्यातली एखादी हमखास म्हणायची, हे वाकडं आहे, ही मी नाही. मी म्हणायची, घरी ने आणि आईला विचार.

सिंधीण म्हणणं कधी बंद झालं ते आठवत नाही. एक दिवस लक्षात आलं, फोटोवाली म्हणतात. एवढं खरं की ते नाव मला कुणी फुकट दिलं नाही. मी चूक केली, सगळ्यांसमोर माझी म्हटली आणि त्याच दिवशी सरळ केली. पुढच्या सगळ्या वर्षांत माझ्या हातून एकही काच उलटी लागली नाही. ओठाला काच टेकवायची तिथे अजून घट्टा आहे.

गुरुजी आधी गेले. वकीलसाहेब पंच्याहत्तरी बघून गेले. त्यांचा फोटो हाराखाली लागला, तो माझाच, जानवं डाव्या खांद्यावर. वकीलीणबाई गेल्या. मास्तर गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या सकाळी त्या दिवाणखान्यात जी मोठी माणसं होती, त्यांतली आज एकटी मीच जिवंत आहे.